सतरा नंबरची बाटली

विसरलेला चष्मा न्यायला ती जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत परतली, तर मीठवाला तिच्याच कपाटापुढे तिचीच सतरा नंबरची बाटली हातात घेऊन उभा!

मीठवाला म्हणजे तिथला तंत्रज्ञ. समुद्राच्या पाण्यातलं मीठ मोजून मोजून त्याला ते नाव चिकटलं होतं. माणूस तसा गोड, आणि म्हणूनच तिला त्याचा भरवसा वाटत नव्हता. सोमवारी प्रबंध द्यायचा होता. खोल समुद्राचं पाणी किंचित अळणी होत चाललंय, हा तिचा शोध याच बाटल्यांवर उभा होता, आणि आठवडाभर त्या जागच्या हलत होत्या. तिच्या मार्गदर्शक मॅडमचा लाडका विद्यार्थी याच विषयावर टपून बसलाय, हेही तिला ठाऊक होतं.

“काय शोधताय?” तिने दारातूनच विचारलं.

“काही नाही... झाकण सैल आहे का बघत होतो.”

“तुम्हाला खोटं अजिबात जमत नाही.”

“सवय नाही ना—” तो हसला. ऐन चौकशीत आपण त्याच्या गालावरच्या खळीकडे बघतोय, याचा तिला स्वतःचाच राग आला.

“कुणासाठी चाललंय हे? लाडोबासाठी?”

“तुमच्यासाठी.”

“हेही खोटंच.”

त्याने नोंदवही पुढे सरकवली. खारटपणा मोजणारं यंत्र रोज प्रमाण-पाण्यावर, म्हणजे नेमका खारटपणा ठाऊक असलेल्या पाण्यावर, जुळवायचं असतं. त्या पाण्याची कुपी फोडली की लगेच वापरायची. उघडी राहिली तर पाणी उडतं, खारटपणा वाढतो, आणि मग यंत्र बाकीचं सगळं पाणी अळणी ठरवतं. वहीत दोन वर्षांपूर्वीचे दोन दिवस होते आणि कुपी एकच. दुसऱ्या दिवशी तिच्या बाटल्या मोजल्या होत्या.

तिने चष्मा लावून त्या तारखा पुन्हा वाचल्या. “म्हणजे माझा शोध...”

“आहे. प्रत्येक नंबरची जोडीची बाटली न उघडलेली होती ना, त्याच आठवडाभर मोजतोय. ही शेवटची. फरक निम्म्यावर आला, पण आहे. मॅडमना सकाळीच लेखी कळवलंय.”

“मला का नाही सांगितलंत?”

“काही उरतंय का ते बघून सांगणार होतो. आधीच कशाला तुमची झोप उडवायची...”

सोमवार हुकणार होता, अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागणार होतं. तरी तिची नजर वहीवरच होती. चूक लिहिली होती, उपाय लिहिला होता. कारणाचा रकाना मात्र कोरा.

“हे का लपवलंत?”

त्याने बाटली पुसून जागेवर ठेवली. “कुपी फोडली, आणि तुम्ही आत आलात. पहिल्यांदाच. विचारलंत, पाणी चाखून बघता का... मग संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. दुसऱ्या दिवशीही माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. हे कसं लिहू?”

संशय तिच्या अंगातच होता. तिने कपाटातून आपली दोन वर्षांपूर्वीची डायरी काढून ती तारीख पडताळली. तिच्याच अक्षरात एक ओळ होती: आज काम काहीच झालं नाही, पण घरी हसत आले.

तिने डायरी मिटली. पेन उचललं, कोऱ्या रकान्यात लिहिलं, “दोघं बोलत बसलो होतो,” आणि खाली सही केली.

“अहो, मॅडम वाचतील...”

“वाचू देत.” तिने पेन त्याच्या हातात दिलं. “करा सही.”