उपवासाला हळद

धूर माझ्या डोळ्यांत गेला, म्हणून मी भांडायला गेले. बस, एवढंच. आमची तुळजाआत्या आता काहीबाही सांगत फिरते, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

महाशिवरात्रीची सकाळ होती. विष्णुपुरीजवळ, गोदावरीच्या काठी, महादेवाची जत्रा. आम्ही अर्धापूरचे, घरच्या बागेतली केळी टेम्पोत भरून दरवर्षी तिथं नेतो. उपवासाच्या दिवशी केळी हातोहात जातात. मी घडांपाशी बसलेली, आणि शेजारी सावलीत आत्या... जिच्या उपवासापुढं महादेवानंसुद्धा हात टेकावेत.

बाजूच्या जागेवर एक जण तेलाचा ड्रम मांडून कोळसे फुलवत होता. ड्रम आडवा चिरलेला, त्याला पाय, आत जाळी, वर झाकण आणि झाकणाला नळकांडं. त्या नळकांड्याचं तोंड बरोबर माझ्याकडं.

"ओ इंजिनवाले," मी म्हटलं, "धूर तिकडं सोडा. माझी केळी काळी पडून राहिलीत."

त्यानं मान वर केली. नाकावर काजळी, आणि हसणं असं की माझं निम्मं भांडण तिथंच विसरायला झालं.

"धुरानं केळी पिकतात, काळी न्हाई पडत. उलट तुम्हीच माझे आभार माना."

"केळी मला शिकवता? अर्धापूरची हाय मी."

"मी देगलूरचा. मन्मथ. ड्रम मीच बनवलाय, वेल्डिंगसकट."

"विचारलं कुणी?"

"न्हाई... पण तुम्हाला सांगावं वाटलं."

मी केळी पुसायला लागले. पुसलेलीच परत पुसली.

हळूहळू कळलं ते असं. इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला, पण जीव सगळा या ड्रमात. हैदराबादला मामाच्या कारखान्यात नोकरी तयार. आणि त्याच्या अव्वानं, म्हणजे आईनं, शेवटचं सांगून ठेवलेलं की आज जत्रेत एक पोतं बटाटे संपव. संपले तर ड्रम घेऊन कर काय करायचं ते. उरले, तर पाचच्या गाडीनं हैदराबाद.

"बॅग घेऊनच येणार हाय ती," तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण हात कोळशावर थांबला होता.

पहिल्या खेपेचं झाकण उघडलं तेव्हा वास असा सुटला की देवळाच्या रांगेतली माणसं मागं वळली. पंधरा-वीस जण ड्रमाभोवती जमले. सगळ्यांत पुढं आमची आत्या. तिनं बटाटा हातात घेतला, उजेडात धरला...

"हळद," ती म्हणाली. "अगं बाई, उपवासाला हळद लावलीय यानं."

झालं. गर्दी अशी पांगली की मागं फक्त आम्ही तिघं आणि ते पिवळेधमक बटाटे.

"आमच्या घरी चालते की," मन्मथ पुटपुटला. "अव्वा उपवासाच्या भाजीत पण टाकते."

"तुमचं घर कर्नाटकाच्या उंबऱ्यावर हाय," मी म्हटलं. "इथं हळद पडली की उपवास मोडला. एवढं साधं माहीत न्हाई, आणि निघाले जत्रा जेवू घालायला."

बोलून गेले आणि मलाच वाईट वाटलं. तो चिमट्यानं एकेक बटाटा उचलून टोपल्यात ठेवत राहिला, सांभाळून, एकही न फोडता. मला वाटलं, यानं चिडावं, मला दोन शब्द सुनवावेत. हा गप्प काय बसतो?

"पोत्यातले कोरे हायेत ना?"

"हाव. पण मसाला सगळा हळदीचाच."

"मसाला टाका गोदावरीत... नको, नदीत नको. बाजूला ठेवा. जाळी उचला आणि राखेनं घासा. हळदीचा डाग दिसला तर आत्या परत बोंब मारंल."

मी टेम्पोतून केळीच्या पानांची चवड ओढली. समोरच्या दुकानातून शेंगदाण्याचा कूट आणि सैंधव आणलं, मिरच्या-जिरं वाटलं, आणि आत्याची तुपाची बरणी तिच्या डोळ्यांदेखत उचलली. बटाट्याला चिरा पाडायच्या, आत सारण भरायचं, पान निखाऱ्यावर एक क्षण धरून मऊ करायचं, मग गुंडाळायचं. पान तसंच दुमडलं तर फाटतं. त्याची पहिली चार फाटली.

"हळू," मी म्हटलं. "लेकराला दुपट्यात गुंडाळतात तसं."

"तुम्ही धरून दाखवा ना."

"हात हायेत की तुम्हाला."

"हायेत. पण शिकायचे बाकी हायेत."

चालू माणूस. मी त्याची बोटं धरून दाखवलं... एकदाच. दोनदा, बरं.

पण विस्तवाचं मात्र त्याला सगळं कळत होतं. मी पुड्या थेट निखाऱ्यावर ठेवायला गेले तर त्यानं मनगट धरलं. निखारे एका बाजूला ओढले, पुड्या दुसऱ्या बाजूला मांडल्या आणि झाकण लावलं. "आच शेजारी पाहिजे, अंगाखाली न्हाई. आतून शिजू द्या." दहा मिनिटांत माझा हात झाकणाकडं गेला.

"उघडायचं न्हाई."

"करपले तर?"

"न्हाई करपत. माझ्यावर थोडा भरवसा ठेवा, राजकन्या."

राजकन्या हे माझं नाव मी त्याला सांगितलं नव्हतं. आत्यानं हाक मारलेली त्यानं ऐकली असणार.

पाऊण तासानं पहिली पुडी मी आत्याच्या पुढ्यात सोडली. पान करपून काळं, आत बटाटा लोण्यासारखा, तुपानं चमकणारा, धुराच्या वासाचा. आत्यानं चारही बाजूंनी तपासला. मग खाल्ला. मग बोटं चाटली.

"चालतंय," ती म्हणाली, तेही देवळापर्यंत ऐकू जाईल असं.

पुढं काय सांगू... रांग घाटाच्या पायरीपर्यंत गेली. मी भरत होते, बांधत होते, तो मांडत होता, काढत होता. केळी आत्यानं विकली. तीन वाजेस्तोवर आम्ही एकमेकांना 'तू' कधी म्हणायला लागलो, मला सांगता येणार नाही.

साडेचारला पोतं झटकलं, तर नुसती माती पडली. आणि तेव्हाच त्याची अव्वा, गंगम्मा, आल्या. इरकल लुगडं, कपाळाला भस्म, हातात निळी बॅग.

त्यांनी रिकामं पोतं बघितलं, रिकामा ड्रम बघितला. "सकाळपासून उपाशी हाय मी," त्या लेकाला म्हणाल्या. "एक दे मला."

ड्रमाच्या कोपऱ्यात एक पुडी होती. मला माहीतच नव्हती.

"अव्वा... ती न्हाई देता येणार."

"का रे?"

"ती राजकन्याची हाय. दिवसभर पोतंभर बटाटे बांधले तिनं, पण एक खाल्ला न्हाई. मी बघत होतो."

सख्ख्या आईला नाही म्हणाला तो, भर जत्रेत. आत्या उगाच खोकली. माझे कान तापले, आणि खोटं कशाला बोलू, त्याच घडीला माझं ठरलं.

मी पुडी सोडली, बटाट्याचे दोन भाग केले. मोठा गंगम्मांना दिला.

त्यांनी सावकाश खाल्ला. "छलो अद," त्या म्हणाल्या. कानडी मला येत नाही, पण आवडलं हे चेहऱ्यावरनं कळलं. मग बॅग मन्मथच्या हातात दिली. "कपडे काढ यातले. उरलेला कोळसा भर."

म्हणजे हैदराबाद राहिलं. गंगम्मांनी बाजूचं पिवळ्या बटाट्यांचं टोपलं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"पोरी, तुमच्यात कोणत्या दिवशी काय चालतं, काय न्हाई, ते मला एकदा लिहून दे. पुढं घोटाळा नको."

"लिहून कशाला?" मी म्हटलं. "मी येऊनच सांगते की."

मन्मथच्या हातातली बॅग खाली पडली. मी उरलेला अर्धा बटाटा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "खा आता. तू पण सकाळपासून उपाशीच हाइस. मी पण बघत होते."