ओसरीच्या खांबाला बांधलेली वेणी

डेल्फीन अडखळली ती थेट त्याच्याच पायात. जूनचा पहिला आठवडा, माळावर गुडघाभर गवत, आणि त्या गवतात हा बाबा पालथा पडलेला. तिच्या खांद्यावरची पहार एकीकडे उडाली, ती दुसरीकडे.

“मेलायस की काय?” तिने तोंडातली माती थुंकत विचारलं.

“नाही... मोजतोय.”

त्याच्यासमोर मीटरभराची लाकडी चौकट होती आणि चौकटीतली काडी न् काडी तो वहीत उतरवत होता. नाव ओरिन. नेब्रास्कातल्या गुरं पाळणाऱ्या घरातला. आजोबांनी तिकडचा माळ नांगरून मका लावला, आणि हा नातू नांगरलेल्या जमिनीचा परत माळ करायला निघालेला! डेल्फीनच्या लाकोटा जमातीने, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनी, टेकडीखालचं एक पडीक शेत या कामाला दिलं होतं. तिथे काय पेरायचं हे कळायला आधी वरच्या अस्सल माळावर काय उगवतं ते मोजायला हवं होतं. बाकी सगळं सापडलं, पण तिंप्सिला काही सापडेना, म्हणून तीन दिवस तो रडकुंडीला आला होता. तिंप्सिला म्हणजे वीतभर खोल बसणारा पांढरा कंद, लाकोटांच्या घरातली हिवाळ्याच्या रश्श्याची बेगमी. डेल्फीनही तोच खणायला आली होती.

“तुझ्या कोपराखाली आहे,” ती म्हणाली.

खरंच होता. केसाळ देठ, निळसर फुलं, आणि वर ओरिनचं कोपर. तो कानापर्यंत लाल झाला. मग डेल्फीनने त्याला लहानपणी ऐकलेलं सांगितलं, की एका तिंप्सिलाची फांदी दुसऱ्याकडे बोट दाखवते, तिकडे चालत जायचं. त्याला काही ते पटलं नाही. ती फांदीच्या रोखाने सहा पावलं गेली आणि खाली वाकली. दुसरा. तिथून तिसरा. सातव्याला ओरिनने मुकाट वही मिटली.

पहिल्या झाडाला मात्र त्याने खिशातून पत्र्याचा बिल्ला काढून तारेने बांधला. बिल्ल्यावर आकडा होता एक.

“गाईसारखा कानात बिल्ला मारतोस होय रे?”

“हरवू नये म्हणून मारतात,” तो म्हणाला. बघत होता मात्र झाडाकडे नाही... तिच्याकडे.

झालं! त्यानंतर त्याची मोजणी रोज संध्याकाळी व्हर्ना आत्याच्या घराशीच येऊन संपायला लागली. आईबापामागे डेल्फीनला आत्यानेच वाढवलेलं. आत्याने आधी त्याला दारात उभा केला, मग स्वयंपाकघरात बसवला, मग हातात सुरी दिली. कंद सोलायचे आणि त्यांच्या लांब शेपट्यांची वेणी घालायची. ओरिनची वेणी दर वेळी उसवायची, आणि डेल्फीन त्याची बोटं धरून परत घालून दाखवायची. एकदा दाखवून भागलं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. आत्या पाठ करून भांडी घासत राहायची, एरवी घासत नसे इतका वेळ.

खणताना कंद घेतला, की त्याचा शेंडा बियांसकट त्याच खड्ड्यात परत ठेवायचा आणि वर माती लोटायची, हेही तिनेच त्याला शिकवलं. तो एकही शेंडा विसरला नाही. डेल्फीनचा जीव त्याच्यावर जडला तो बहुधा तिथेच.

पण गडी बोलेना! महिना सरत आला, त्याचं काम तीस जूनला संपणार होतं. एका संध्याकाळी टेकडीवर त्याने कसंबसं विचारलं, की तुमच्यात पूर्वी... म्हणजे... मागणी कशी घालायचे?

डेल्फीनला रोख कळला. पण सरळ उत्तर देईल तर ती डेल्फीन कसली? “घोडे आणून दाराशी बांधायचे,” ती म्हणाली. “एक शब्द बोलायचा नाही. मुलीने घोड्यांना पाणी पाजलं तर हो. तसेच उभे राहिले तर समजून जायचं.”

“माझ्याकडे घोडे नाहीत. जुना पिकअप आहे.”

“पिकअपला पाणी कोण पाजणार? जे असेल ते बांध. आणि तोंड बंद ठेव हं. तुम्ही गोरे लोक बोलता फार, आमच्याशी केलेल्या करारांवर सह्या करून बोलता, आणि मग विसरता.”

ती हसत म्हणाली. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी डेल्फीन कामावरून आली तेव्हा ओसरीच्या खांबाला एक ओली वेणी टांगलेली होती. आत्याने वाळत घातली असेल, असं तिला वाटलं. आत्याला वाटलं, पोरीनेच घातली असेल. ओल्या वेण्या वाऱ्यावरच वाळवतात, घरात घेतल्या तर बुरशी धरतात, हे या घरातल्या मांजरालाही माहीत. तेव्हा वेणी राहिली तिथेच. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस.

ओरिन रोज यायचा, खांबाकडे बघायचा आणि आत न येता निघून जायचा. डेल्फीनला राग आला. महिनाभर उंबरठा झिजवला, आणि आता जायची वेळ आली तर तोंड शिवून बसलाय! आपण फक्त कंद शोधून देणारी पोरगी होतो तर. चौथ्या दिवशी सामान भरून तो दाराशी थांबला.

“काही राहिलं असेल तर सांग,” तो म्हणाला.

तिच्या ओठांवर आलं होतं, थांब म्हणून. पण मान ताठ. “काय राहणार?” ती म्हणाली.

पिकअपची धूळ बसेपर्यंत ती ओसरीवर उभी होती, त्या वेणीला हात टेकून. दुसऱ्या दिवशी वेणी वाळली म्हणून तिने आत नेली.

जुलैत तिंप्सिलाचं झाड वाळून बुडाशी तुटतं आणि वाऱ्यावर उडून जातं. बी हाती लागायला मिळतो तो एखादा आठवडा. ओरिनने सांगून ठेवलं होतं म्हणून डेल्फीनने रागारागाने का होईना, पिशवीभर बी गोळा केलं आणि शरदात खालच्या शेतात पेरलं.

जानेवारीत आत्याने रश्श्यासाठी एक वेणी काढायला सांगितली. वेणी ढिली होती, ओढताच उसवली, आणि मधल्या पेडातून काहीतरी टणकन फरशीवर पडलं. पत्र्याचा बिल्ला. आकडा एक.

“आत्या, जूनमध्ये ओसरीवर वेणी तू टांगली होतीस ना?”

“मी? मला वाटलं तू.”

डेल्फीन खालीच बसली. मग उठून तिने फोन लावला. तो कान्ससला होता, तिथल्या माळावर. वेणीतून बिल्ला पडला, तिने सांगितलं.

“वेणी तीन दिवस बाहेरच होती,” तो म्हणाला. “मी समजून गेलो.”

“अरे... वाळायला नको का?”



“मला माहीत होतं गं ते,” तो म्हणाला. “तूच शिकवलं होतंस. पण त्या तीन दिवसांत सुचलंच नाही. तू बोलू नको म्हणालीस, म्हणून...” आणि मग हळूच, “डेल्फीन, नाताळात माझा साखरपुडा झाला.”

मुलगी चांगली आहे का, असं तिने विचारलं. चांगली आहे, तो म्हणाला. मग बरं झालं, म्हणाली आणि फोन ठेवून रडली. बैल गेला नि झोपा केला! त्या दिवशी रश्श्यात तिंप्सिला पडला नाही. आत्यानेही आग्रह केला नाही.

बी रुजून झाड दिसायला वर्षं लागतात. चौथ्या जूनमध्ये खालच्या शेतात पहिला तिंप्सिला उगवला. केसाळ देठ, निळसर फुलं. डेल्फीनने खिशातून बिल्ला काढला आणि तारेने त्याला बांधला. पहार घेऊन आलेली आत्या शेजारी उभी होती.

“हा नाही खणायचा,” डेल्फीन म्हणाली.

“बरं.”

फांदी दक्षिणेकडे वळली होती. सवयीने डेल्फीन त्या रोखाने सहा पावलं गेली आणि खाली वाकली. तिथे नुसतं गवत होतं. ती तशीच थोडा वेळ वाकून राहिली.

“मी थांब म्हटलं असतं तर थांबला असता, आत्या.”

“थांबला असता,” आत्या म्हणाली, आणि दोघी टेकडीवर खणायला गेल्या.