बंद पडलेला तास

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या डेर्लिसला गिऱ्हाइकांची कीव कधीच येत नसे, किळस यायची. पॅराग्वेतल्या या अरेग्वा गावातल्या म्हाताऱ्या तर त्याला डोळ्यांसमोर नकोशा. पासवर्ड फ्रिजवर चिकटवणार, नको ती बटणं दाबणार आणि वर कॉम्प्युटरच्या नावानं बोटं मोडणार. दोन्या ब्रिहिदा, म्हणजे ब्रिहिदाबाई, त्यातलीच. भर दुपारी खोलीत मरणाचा उकाडा होता, आणि ही बाई तेरेरेचा, त्या थंड पाल्याच्या चहाचा, पेला त्याच्यापुढे सारखा नाचवत होती.

"नव्या मशीनवर सगळी जुनी पत्रं आली," ती म्हणाली. "माझी भेट तेवढी नाही आली."

"कसली भेट?"

"एव्हेरची. माझ्या मुलाची. मार्चमध्ये घड्याळ मागे घ्यायचे ना, त्या रात्रीची. यंदा आलाच नाही तो."

डेर्लिसनं जुन्या मेलचं आर्काइव्ह उघडलं. पोरखेळच होता. उन्हाळ्यात देशभर तासभर पुढे केलेलं घड्याळ दर मार्चमध्ये एका शनिवारी रात्री बाराला परत अकरावर न्यायचं, म्हणजे तो तास दोनदा यायचा. कॅलेंडरमध्ये म्हातारीची भेट नेमकी दुसऱ्या फेरीच्या तासात होती. आता सरकारनं ही कसरत कायमची बंद केली होती. तासच उरला नाही, म्हणून कॅलेंडरनं भेट बाहेर टाकली होती.

"मग मुलाला फोन करा की. दुसरी वेळ ठरवा."

"तो मोटरसायकलवरून गेला रे बाळा. बरीच वर्षं झाली."

म्हणजे पोरानं जिवंतपणी 'दरवर्षी' लावून ठेवलेली नोंद, आणि ही बया त्यावर मेलेल्याची वाट बघत बसते. डेर्लिसला हसू आवरेना.

नोंदीला चिकटलेल्या मेल मात्र त्याला आवडल्या नाहीत. दर मार्चला एक, एव्हेरच्याच पत्त्यावरून, सगळ्या अपघातानंतरच्या. 'आई, तास फार लहान आहे.' पुढच्या वर्षी, 'आई, अजून बसू दे.' त्याच्या पुढच्या वर्षी, 'आई, दाराला कडी का लावतेस?'

"कुणीतरी तुम्हाला मूर्ख बनवतंय, दोन्या. आणि तुम्ही बनताय."

"तेवढा तास परत लावून दे. तेवढाच हं, जास्त नको."

नसलेला तास लावायचा कुठे? नवी वेळ निवडा, असं कॅलेंडर विचारत होतं. डेर्लिसचं डोकं फिरलं. त्यानं 'रोज' निवडलं, 'दिवसभर' निवडलं, शेवटची तारीख रिकामी सोडली.

"घ्या. आता पोटभर भेटा."

तिनं पेला खाली ठेवला. "म्हणजे संपणार कधी?"

"नाहीच संपणार. खूश?"

"अरे, तास संपला की त्याला जावंच लागायचं," ती म्हणाली. "म्हणून जायचा. आपणहून नव्हता रे जात."

काय हे खूळ, असं मनाशी म्हणत डेर्लिसनं नोंद पुसायला घेतली.

'ही भेट तुम्ही ठरवलेली नाही. ती फक्त एव्हेर रद्द करू शकतो.'

त्यानं पुन्हा बटण दाबलं. तेच उत्तर.

"घरात आणखी कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही."

आतल्या खोलीत पंखा सुरू झाला.

दोघंही हलली नाहीत.

मग आत कुणीतरी पंख्याचा वेग वाढवला.