ज्यानं बांधला त्यानं

या, आत या. घाबरू नका, तो काही करत नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय, की दाराच्या पाटीवर माझ्या नावाखाली तेच रंगवून घ्यायला हवं होतं. ड्रिल मशीन माळ्यावर आहे, काढून देते. पण तुम्ही पाचव्या मजल्यावर नवीन आलात, तेव्हा आधी बसा. या इमारतीत राहायचं तर एक गोष्ट कुणाकडून तरी कळणारच, ती माझ्याकडून कळलेली बरी. बाकीचे अर्धवट सांगतात आणि मग रात्रभर दिवा लावून झोपतात.

माझा कुत्रा दगडू, जातीने ग्रेट डेन. चारी पाय जमिनीवर ठेवून तो ओट्यावरच्या कढईत काय शिजतंय ते बघायचा. त्याला आणलं तेव्हा मी सदाशिव पेठेत राहायचे. दोन खोल्या आणि एक बोळ. त्या बोळात दगडूला वळायचं झालं, तर आधी स्वयंपाकघरात जाऊन तोंड फिरवून यावं लागे. लोक मुलांच्या शाळेसाठी घर बदलतात. मी कुत्र्यासाठी बदललं आणि हडपसरला आले. भावाने चिडून माझ्याशी बोलणं टाकलं, तो वर फायदा.

मोठं कुत्रं हौसेने आणता येतं, पण सांभाळावं लागतं डोकं चालवून. फरशीवर त्याचे पाय फाकत, म्हणून घरभर रबरी मॅट घातली. मान वाकवून खाल्लं की पोटात वारा धरतो, म्हणून त्याचं भांडं स्टुलावर ठेवलं. गाडीचं मागचं सीट काढून टाकलं, कारण रिक्षा मिळणं अशक्य. स्वारगेटला एका रिक्षावाल्याने त्याच्याकडे बघून मला शांतपणे विचारलं होतं, "मॅडम, हे बसणार, का मी बसू?"

या सगळ्याला उपाय असतो. एका गोष्टीला नसतो. एवढी मोठी कुत्री फार जगत नाहीत. आठ वर्षं, नऊ वर्षं. आणतानाच मला हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. मी काही मान्य केलेलं नाही.

आठव्या वर्षी त्याचा श्वास अडकायला लागला. मोठ्या जातींना म्हातारपणी होतं तसं, घशातला पडदा लुळा पडला होता. ऑपरेशन केलं. श्वास सुटला, पण आवाज गेला. भुंकायला तोंड उघडलं, की सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा बारीक फुस्स आवाज यायचा. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण यावरच झालं.

आपली ही इमारत ज्या जागेवर आहे, ते सर्जेरावांचं रान होतं. सर्जेराव म्हणजे आपले चेअरमन, सातव्या मजल्यावरचे. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात फ्लॅट घेतले, आणि इमारतीला आईचं नाव दिलं, गोदा हाइट्स. गोदाबाई अजून आहेत, मुलाजवळच राहतात. सर्जेरावांनी मी आल्या दिवशीच नियम सांगितला. कुत्र्याने फक्त सामानाच्या लिफ्टने जायचं आणि फक्त मागच्या पट्टीत फिरायचं. मागची पट्टी म्हणजे पंपाची खोली आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली मोकळी जागा. तिथे कुणीच जात नसे. आम्हाला काय, गर्दी नको होतीच.

पहिल्या उन्हाळ्यातच मला तिथे वास आला. टँकर मागवायचे दिवस, सगळीकडे धुरळा, आणि त्या पट्टीत शेवाळलेल्या पाण्याचा गार वास. दिवेलागणीच्या आधीचा उजेड होता. दगडू पट्टीच्या मध्यावर थांबला. शेपूट हलवली, पुढचे पाय पसरून खाली वाकला. कुत्रं दुसऱ्या कुत्र्याला खेळायला बोलावतं, तसा. समोर काही नव्हतं. मग तो उठला आणि त्या मोकळ्या जागेच्या कडेकडेने चालत गेला, पण आत पाऊल टाकलं नाही. रोज तसंच. मी नीट बघितलं तेव्हा दिसलं, की तिथे जमिनीत एक गोल झिजलेला आहे. बांधलेलं जनावर साखळीच्या टोकाला फिरून फिरून करतं, तसा. त्यात गवताची काडी उगवत नव्हती.

आपला वॉचमन शंभू नांदेडकडचा. त्याला विचारलं, तर तो एवढंच म्हणाला, की संध्याकाळनंतर तो खुर्ची पुढच्या फाटकाशी नेतो. जमिनीवरून साखळी ओढल्याचा आवाज मीही ऐकला होता. शेजारच्या प्लॉटवर कुणाचं तरी जनावर असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तेव्हा मी शहाणी होते.

मग तक्रारी सुरू झाल्या. रोज दिवेलागणीला कुत्रं भुंकतं, मुलं दचकतात, म्हाताऱ्यांना झोप नाही. इमारतीत मोठं कुत्रं एकच, म्हणजे गुन्हेगारही ठरलेला. सर्जेराव स्वतः दारात आले आणि म्हणाले, महिनाअखेरपर्यंत त्याची कुठेतरी फार्महाउसवर सोय करा. मी सांगितलं, त्याला भुंकताच येत नाही. ते हसले. सोसायटीला असं कुत्रं हाकलता येत नाही हे सांगितलं, तर म्हणाले, कायदा कोर्टात, इथे मी आहे. त्या वेळी दगडूला नववं लागलं होतं. ज्याच्याकडे उरलंच थोडं, त्याला मी परक्या फाटकाशी बांधून यायचं होतं.

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, पुढे सर्जेराव, त्यांच्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेल्या गोदाबाई. मी दगडूला घेऊनच गेले. खुर्च्या भराभर मागे सरकल्या. एवढा मान मला बँकेत सव्वीस वर्षं नोकरी करूनही मिळाला नव्हता. सर्जेरावांनी सगळ्यांदेखत विचारलं, काय ठरवलंत मॅडम.

मी उभी राहिले. "तो कुठेही जाणार नाही. मरेल तो माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर. त्यानंतर तुम्हाला पेढे वाटायचे असतील तर वाटा."

आणि तेव्हाच ते भुंकणं आलं.

पंपाच्या खोलीमागून. घोगरं, छातीतून निघालेलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी खटकन तुटणारं… साखळीचा हिसका बसल्यासारखं. दगडू माझ्या पायाशी बसला होता, तोंड मिटून. सगळ्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे. कुणीतरी पुटपुटलं, मोबाइलवर लावलं असेल. दगडू उठला, त्या दिशेला वळला आणि सावकाश शेपूट हलवू लागला. तिकडून पुन्हा आवाज आला. शेवाळाचा तो गार वास खुर्च्यांमधून आमच्यापर्यंत आला.

"भैरू हाय त्यो," गोदाबाई म्हणाल्या.

सर्जेरावांनी आईला गप्प राहायला सांगितलं. त्या गप्प राहिल्या नाहीत. बारा-पंधरा वर्षं गप्प होत्या, तेवढं पुरे झालं असावं. त्यांनी सांगितलं ते असं. या रानावरून चुलत्यांशी वाद होता आणि ज्याचा ताबा त्याची जमीन, अशी गत होती. ताबा दाखवायला सर्जेरावांनी घरचा कुत्रा, आता मागची पट्टी आहे तिथे तेव्हा विहीर होती, तिच्याशी आणून बांधला. भैरू, वासराएवढा. कपाळाला जेजुरीचा भंडारा लावला आणि त्याला सांगितलं, हितंच थांब, मी आलोच. राखणीच्या कुत्र्याचा त्यांच्या घरी एक नियम होता. ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. दुसऱ्या कुणाच्या हाकेवर तो हलता कामा नये, नाहीतर राखण कसली. गोदाबाईंना स्वतःला भाकरी लांबून टाकावी लागे. त्याने चुलत्यांपैकी एकालाही बांधावर पाय ठेवू दिला नाही. जमीन त्या कुत्र्याने राखली.

बिल्डरशी व्यवहार झाला, सह्या झाल्या. घर सगळं जेजुरीला नवस फेडायला गेलं. आल्यावर सोडू, असं सर्जेराव म्हणाले. दुसरा कुणी सोडू शकत नव्हता, आणि ते आधी देवाला गेले. ते परत यायच्या आत बिल्डरची माणसं जेसीबी घेऊन आली. परतल्यावर विहीर बुजलेली होती आणि जमीन सपाट. कुत्र्याचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही, आणि यांनी विचारलं नाही.

मला भीती वाटायला हवी होती. अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या आधी राग आला. माझ्या मुक्या कुत्र्यावर आळ घालून त्याला घराबाहेर काढायला निघाला होता हा माणूस, आणि तो आवाज कुणाचा हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, चला, सोडा त्याला.

"असलं काही नसतं मॅडम. शिकलेल्या आहात तुम्ही."

"नसेल तर मोकळ्या जागेत हात घालायला काय जातंय?"

सर्जेराव खुर्चीतून उठले. आम्ही चौघं मागे गेलो, सर्जेराव, गोदाबाई, मी आणि दगडू. बाकीची सोसायटी थर्मासपाशी थांबली. आभाळात अजून थोडा उजेड होता. दगडू गोलाच्या कडेला जाऊन बसला. सर्जेराव कडेशी आले आणि त्यांचे पाय थांबले. मला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. आणि दुसऱ्या एका श्वासाचाही… खाली, गुडघ्यांच्या उंचीवर.

त्यांनी आत पाऊल टाकलं. वाकले. हात पुढे केला, चाचपडला, आणि एका जागी थबकला. तिथे हवाच होती, पण त्यांची बोटं मिटली ती कशाभोवती तरी. "चल…" ते पुटपुटले.

"नीट म्हण," गोदाबाई हळूच म्हणाल्या.

"चल भैरू… घरी चल."

जमिनीवर लोखंड पडल्याचा आवाज झाला. मग अगदी शांत. सर्जेरावांचा उजवा हात आपोआप वर उचलला गेला, कमरेपर्यंत. ज्यांनी मोठं कुत्रं पाळलंय त्यांना तो कळतो. कुत्रं तळव्याखाली डोकं खुपसतं, तेव्हा हात असा उचलला जातो. त्यांनी तो मागे घेतला नाही. सर्जेराव तिथेच उभे राहून रडले, आणि मला पहिल्यांदा ते माणूस वाटले.

माझ्या कुत्र्याचा विषय पुन्हा कुठल्या सभेत निघाला नाही. मागच्या पट्टीत त्या गोलात गवत आलं. आता तुम्ही म्हणाल, मग संपलं की. पण सर्जेराव 'घरी चल' म्हणाले होते, आणि त्यांचं घर सातव्या मजल्यावर आहे. दिवेलागणीला तिथून भुंकणं येतं. चेअरमनच्या घरची तक्रार कोण करणार?

रोज संध्याकाळी ते फिरायला निघतात. सामानाच्या लिफ्टने. नियम त्यांचाच, आणि पाळतात बिचारे. उजवा खांदा पुढे ओढलेला, मूठ आवळलेली. लिफ्टमध्ये ते शिरले की दगडू अंग चोरून कोपऱ्यात सरायचा, मधे जागा ठेवून. एकदा त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, फरशीवर नखं घसरतात, तुम्ही ती मॅट कुठून आणलीत. मी दुकान सांगितलं. भांडं स्टुलावर ठेवा, हेही सांगितलं. दुसऱ्या वेळी लिफ्ट थांबली तरी ते बाहेर पडेनात.

"मॅडम, एवढी मोठी कुत्री किती वर्षं जगतात हो?"

मी म्हटलं, आठ-नऊ. दहा म्हणजे फार झाली.

त्यांनी आपल्या मुठीकडे बघितलं. मग म्हणाले, "बांधला तेव्हाच धा वर्षांचा होता."

लिफ्टचं दार आपोआप मिटायला लागलं आणि मधेच अडून पुन्हा उघडलं, मधे कुणी उभं असावं तसं. त्या दिवशी मी घरी येऊन विचार केला. लोक या गोष्टीला घाबरतात, मला मात्र त्यात एक सोय दिसली. गेल्या गणपतीत डॉक्टर म्हणाले, आता काही आठवड्यांचाच प्रश्न आहे. मी गोदाबाईंकडून चिमूटभर भंडारा मागून आणला. का, ते त्यांनी विचारलं नाही. दगडूला त्या दाराशी, मॅटवर बसवलं, कपाळाला भंडारा लावला आणि म्हटलं, इथेच थांब, मी आलेच. रोज म्हणत गेले. शेवटच्या दिवशीही, डॉक्टर सुई भरत असताना, त्याच्या कानात तेच म्हटलं.

त्याला सहा महिने झाले.

ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. बांधणारी मी आहे, आणि मला काही घाई नाही. बघा ना, ती मॅट रिकामी आहे, दार पुरेसं रुंद आहे. मघाशी आत येताना तुम्ही मात्र भिंतीला अंग घासत, कडेकडेने आलात.

ड्रिल देते हं काढून. जाताना त्याच्या शेपटीवर पाय देऊ नका, एवढंच.