दुपारचा शेवटचा खेळ

"कोणी आहे का इथं? जरा टेप धरता का?"

माझा आवाज रिकाम्या थिएटरात खुर्च्यांवरून घरंगळत गेला. उत्तर आलं ते थेट भिंतीतून... बाल्कनीच्या वरच्या चौकोनी झरोक्यातून.

"धरतो की! पण हाक मारणारी हिरॉईन आहे की भूत, ते आधी सांगा."

"नकाशे काढते मी. मापं घ्यायला आलेय."

तो खाली उतरला. मशीन चालवणारा ऑपरेटर. बाहीवर तेलाचा डाग, उजेडात आल्यामुळे डोळे किलकिले. त्यानं टेपचं टोक पडद्याशी धरलं आणि मी मागे मागे सरकत शेवटच्या रांगेशी पोचले.

"किती?"

"एकशे चार फूट."

"बाप रे! फारच लांब गेलात की."

मी वहीत चौदा लिहिलं. मग खोडलं.

दोन दिवसांच्या कामाला आठवडा लागला. दोन खेळांच्या मधल्या वेळात मी मोजायची, तो सांगायचा. मूकपट होते तेव्हा त्याचे आजोबा म्हणे पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट मोठ्यानं सांगायचे, आणि रडण्याच्या जागी स्वतःच रडायचे. बायकांसाठी वेगळा जिना होता, इतका अरुंद की तो मोजताना आमचे खांदे लागले. पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

सातव्या दिवशी त्यानं सहज विचारलं, "मालक नव्या खुर्च्या टाकणार वाटतं?"

मी वही मिटली. "तुला कोणी सांगितलं नाही? पाडणार आहेत. इथं दुकानं होणार. नकाशा... मीच काढतेय."

त्याच्या हातातून टेप सुटली. सरसरत आली आणि माझ्या बोटांवर आपटली. मी वर बघितलं तर तो जिना चढून गेला होता.

ऑफिसात साहेबांना म्हटलं, निदान दर्शनी भिंत तरी ठेवू या. ते हसले आणि दुसऱ्या फायलीकडे वळले. पुढच्या आठवड्यात थिएटरच्या दारावर पाटी लागली. रविवारी दुपारी शेवटचा खेळ.

मी तिकीट काढून मागच्या रांगेत बसले. सगळी माणसं नटूनथटून, लग्नघरी आल्यासारखी आली होती. दिवे मंदावले आणि शेजारच्या खुर्चीत कोणीतरी येऊन बसलं.

तो!

"अरे... मग मशीनवर कोण?"

"बाबा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण आज धापा टाकत वर आले. म्हणाले, ऊठ. मी जन्मभर झरोक्यातून लोकांची डोकी बघितली. तू तरी एकदा कुणाच्या शेजारी बसून बघ."

सिनेमा सुरू झाला. तो मात्र मान वळवून वरून येणाऱ्या उजेडाच्या झोताकडे बघत होता. त्यात धूळ चांदीसारखी तरंगत होती.

"पडदा तिकडे आहे," मी कुजबुजले.

"माहितीये... हा झोत खालून इतका मोठा दिसतो?"

"रागावलायस?"

"होतो. तीन दिवस वर बसून नुसता धुमसत होतो. मग कळलं, थिएटर जाणार याच्यापेक्षा... दुपारी खालून कोणी हाक मारत नाही, याचाच राग जास्त येतोय."

मी अंधारात हात पुढे केला, एवढंच. त्याचा तळवा खरखरीत होता, आणि घामेजलेला.

सिनेमा संपला तरी माणसं उठेनात. कोणी भिंतीवरून हात फिरवत होतं, कोणी आपल्या नेहमीच्या खुर्चीत नुसतंच बसून होतं. बाबा जिना उतरून आमच्यापाशी आले. डोळे लाल. नजर आमच्या हातांवर गेली आणि तिथंच जरा रेंगाळली.

"काय रे, कसा वाटला सिनेमा?"

"शेवट... नीट कळला नाही, बाबा."

"आणि तुला गं, बाळ?"

"मलाही नाही," मी मान खाली घालून म्हटलं.

"वाटलंच मला!" ते पहिल्यांदाच हसले. "घरी चला दोघं. हिच्याबद्दल ऐकून ऐकून तुझी आई कंटाळलीय, एकदाचं बघू दे तिला. चहा घेता घेता शेवट मी सांगतो."

आम्ही तिघं बाहेर आलो. रस्त्यावर अजून लख्ख ऊन होतं, ओळखीची माणसं वळून वळून बघत होती. त्यानं माझा हात सोडला नाही.