चोवीस तास गरम पाणी

सामान फारसं नव्हतंच. दोन पिशव्या कपडे, एक पंखा, शिवणाचं मशीन. भर दुपारी टेम्पो खाली उभा करून तो ताईच्या भाड्याच्या घरात शिरला तेव्हा वाटलं होतं, अर्ध्या तासात आटपेल. पण पिशवी भरता भरता बाथरूममधला गॅस गिझर दिसला आणि त्याचं डोकं सणकलं. पाना घेऊन त्यानं तो भिंतीवरून उपटला आणि बाहेरच्या खोलीत आणून आपटला. सिलिंडर पोलिसांनी आधीच नेला होता.

बावीस दिवसांपूर्वी ताई इथंच आंघोळीला गेली आणि गिझरच्या वायूनं गुदमरून मेली. वायू बाहेर जायला एक झरोका होता. कबुतरं येतात म्हणून घरमालकानं तो विटा लावून बुजवला होता. "काका, तेवढा झरोका उघडून द्या," असं ताईनं तीनदा सांगितलं होतं. काका "बघू" म्हणाले होते.

दारात त्याच काकांचा आवाज आला.

"लिफ्ट आहे, पार्किंग आहे, वाय-फाय आहे. आणि मुख्य म्हणजे चोवीस तास गरम पाणी. हल्ली भाडेकरू आधी तेच विचारतात."

मागे एक तरुण नर्स होती. ड्यूटीवरून थेट आलेली, डोळे झोपेनं जड.

काकांना गिझर दिसला. "कुणाला विचारून काढलास?"

"तुम्ही झरोका कुणाला विचारून बुजवलात?"

"हे बघ, झालं ते वाईट झालं. लोकांसमोर तमाशा नको." नर्सकडे वळून काका हसले. "नवा बसवून देतो हो. आधीच्या भाडेकरणीचा भाऊ. जरा बिथरलाय."

"सिस्टर, घेऊ नका हे घर. माझी बहीण मेली त्या बाथरूममध्ये. यांच्यामुळं!"

"खरं आहे का हे?" नर्सची झोप उडाली होती.

"तिचं हार्टचं काहीतरी होतं. या, तुम्हीच बघा काय खोट आहे ती." काका तरातरा बाथरूममध्ये गेले. "ही बघा फरशी, अगदी..."

त्यांच्यामागे दार लागलं. हळूच, सवयीच्या हातानं लावावं तसं. आतून कडी सरकली.

आधी टिक, टिक, टिक. मग भस्सकन ज्योत पेटल्याचा आवाज. दोघांनीही जमिनीवर पडलेल्या गिझरकडे पाहिलं. दाराखालून वाफ येऊ लागली. तिला ताईच्या साबणाचा वास होता.

"अरे... उघड... श्वास..." काका आतून दार बडवू लागले.

त्यानं पाना उचलला. तेवढ्यात दाराच्या अगदी पलीकडून, फळीला ओठ टेकवून बोलावं तसा ताईचा आवाज आला.

"थांब रे. उघडू नकोस."

त्याचा हात खाली आला. गेले बावीस दिवस त्यानं दुसरं मागितलंच काय होतं?

"दादा, माणूस मरेल आत!" नर्सनं त्याचा दंड गदागदा हलवला.

"तीनदा सांगितलं होतं मी त्याला..." ताई म्हणाली.

लहानपणापासून त्यानं ताईचं एकदाही ऐकलं नव्हतं. रडत, काकांना शिव्या घालत, त्यानं दारावर पान्याचे घाव घातले. कडी तुटून उडाली.

काका बाहेर कोसळले. कपडे ठणठणीत कोरडे. दोन मिनिटंही झाली नसतील, पण त्यांच्या बोटांची टोकं पांढरीफटक, सुरकुतलेली, रात्रभर पाण्यात भिजल्यासारखी. नर्सनं नाडी धरली. "आहेत."

आत कुणीच नव्हतं. भिंती कोरड्या, झरोक्यातल्या विटा जागच्या जागी.

"ताई..." म्हणत त्यानं पाऊल उचललं, आणि दार त्याच्या तोंडावर लागलं. त्यानं खांदा लावला. कडी मघाशीच तुटली होती, तरी दार तसूभर हललं नाही.

आत कुणीतरी तांब्यानं अंगावर पाणी घ्यायला लागलं. अगदी सावकाश. आणि इकडे, कोरड्या फरशीवर, प्रत्येक तांब्यासरशी काकांचा श्वास अडकत होता.