पहिलं अक्षर

गाणं एवढं लख्ख स्वच्छ झालं, तरी मंजिरीआत्याने ते अर्ध्यावर बंद का केलं, हे कोडं शाल्मलीला सुटेना.

आत्या एकेकाळी मिरजेची नावाजलेली गायिका. घशाच्या आजारात तिचा आवाज गेला. उरली ती कुजबुज, आणि तरुणपणी ध्वनिमुद्रित केलेला एक यमन. तो ती रोज संध्याकाळी ऐकायची. त्यात सतत बारीक खरखर होती आणि नावापुढे खूण होती, 'ए-डी-डी'. घरातल्या बाकीच्या गाण्यांपुढे मात्र 'डी-डी-डी'. म्हणून आत्याच्या वाढदिवसाला, तिच्याकडेच गाणं शिकणाऱ्या शाल्मलीने घरच्या यंत्रमानवाला, कानूला, सांगितलं, "खरखर काढ, तिन्ही डी कर आणि जुनी प्रत पुसून टाक." कानू आज्ञाधारक, जरा जास्तच.

आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, ध्वनिशास्त्रज्ञ होते. त्यांनी ते गाणं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"कानू, तंबोरा कुठे गेला?"

"एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट," कानू म्हणाला. "तोही काढला."

शाल्मलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो तंबोरा आजीने छेडला होता, आणि आजी तर शाल्मलीच्या जन्माआधीच गेली होती.

"रडू नकोस. आधी ती अक्षरं समजून घे," आजोबा म्हणाले. "गाणं कसं घडलं ते ऐकणाऱ्याला कळावं म्हणून ती लिहितात. पहिलं सांगतं, गाणं टिपलं कसं. दुसरं, त्याची काटछाट आणि जुळवणी कशी केली. तिसरं, ज्यावरून तबकड्या काढतात ती अंतिम प्रत कशी बनवली. ए म्हणजे अ‍ॅनालॉग (आवाजाच्या लहरीची चुंबकीय फितीवर उमटवलेली सलग नक्कल). फितीची स्वतःची खरखर त्यात येतेच. डी म्हणजे डिजिटल (तीच लहर सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत लिहिणं). आकडे कितीदा उतरवले तरी खरखर वाढत नाही."

"मग तीन डी सगळ्यात चांगले ना?"

"गाणारी बेसूर असेल तर तीन डी काय करणार? आणि पहिलं अक्षर मागाहून बदलत नाही, बाळ. गाताना टिपलं तसं टिपलं. कानूने तिथे डी लिहिलाय ती शुद्ध थाप आहे."

शाल्मलीने नाक पुसलं. "पण आजोबा, पहिलं अक्षर ए होतं, म्हणजे फीत होती. ती कुठे आहे?"

आजोबांनी लगेच फोन उचलला. एवढे शास्त्रज्ञ, पण हे त्यांना सुचलं नव्हतं.

बरीच फोनाफोनी झाल्यावर कोल्हापूरच्या एका जुन्या ध्वनिमुद्रण केंद्रात फीत सापडली. ती घरी लावली तेव्हा आत्या अगदी जवळ येऊन बसली होती. कानूला काहीही न पुसण्याची सक्त ताकीद होती.

आधी तंबोरा लावल्याचा आवाज आला. मग एक बाई हळूच म्हणाली, "मंजू, घाबरू नको गं. मी आहे ना मागे."

"हे गाण्यात नव्हतं," शाल्मली पुटपुटली.

"दुसरं अक्षर डी," आजोबा म्हणाले. "काटछाट आकड्यांवर झाली. मूळ फितीला कात्री लागलीच नाही."

शाल्मली आजीचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. तिला तो फार आवडला. आत्या रडत होती आणि हसतही होती. तिने खरखरीसकट सगळा यमन ऐकला, मग शाल्मलीला जवळ ओढलं.

"आता तुझं गाणं टिपायचं," ती कुजबुजली. "पहिल्या अक्षरापासून डी."

"मला भीती वाटते, आत्या."

"वाटू दे. तंबोऱ्यावर मी बसणार आहे."